प्रिंट टाकलं की बूट होत नाही, काढलं की होतं: बूटलोडरमधला मेमरीचा बग शोधताना

लक्षण साधारण असं असतं. बायोसच्या (मशीन चालू होताच चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) जुन्या पद्धतीने चालणारा, हाताने लिहिलेला बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला मेमरीत आणणारा छोटा प्रोग्रॅम. ५१२ बाइटचा पहिला टप्पा दुसऱ्याला आणतो, दुसरा टप्पा डिस्कवरून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) मेमरीत घेतो, प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे सीपीयूच्या बत्तीस बिटांच्या मोडमध्ये, शिरतो आणि कर्नलवर उडी मारतो. बरेच दिवस सगळं नीट चालतं. मग कर्नलमध्ये कुठेतरी दोन ओळी वाढतात, बूटलोडरला कुणी हातही लावलेला नसतो, आणि मशीन क्षणभर काळं होऊन पुन्हा बायोसच्या पडद्यावर येतं. मग पुन्हा, मग पुन्हा. कुठे अडकतंय ते कळावं म्हणून चार ठिकाणी प्रिंट टाकले तर अडकण्याची जागाच सरकते. प्रिंट काढले तर बूट होतं. ‘सुटलं एकदाचं’ म्हणून पुढे जावं, तर पंधरा दिवसांनी तेच दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

यावर मिळणारे सल्ले ठरलेले आहेत. ऑप्टिमायझेशन बंद करा, कंपायलर बदला, मध्ये थोडे नॉप (काहीच न करणाऱ्या सूचना) टाका. यातल्या कशानेही लक्षण जाऊ शकतं, कारण प्रत्येक उपायाने कर्नलचा आकार किंवा आतली मांडणी बदलते. मूळ कारण मात्र जागच्या जागी राहतं, आणि आता ते शोधणं आणखी अवघड होतं.

कोडच्या आकारासोबत सरकणारा बग जवळजवळ नेहमी जागेच्या मालकीचा असतो. एकाच्या जागेवर दुसऱ्याने लिहिलेलं असतं, नाहीतर कुणीच न लिहिलेली जागा कुणीतरी वाचत असतं. प्रेत सापडलं तिथेच खून झाला असं धरून चालणाऱ्या पोलिसाच्या हाती भलताच माणूस लागतो. क्रॅश झालेल्या ओळीकडे टक लावून बसलं की बूटलोडरमध्ये तेच होतं. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: या पत्त्यावर शेवटचं कोणी लिहिलं?

आधी कागदावर नकाशा

खाली जे पत्ते आणि इंटरप्ट व हार्डवेअर पोर्टचे क्रमांक देतोय ते सगळे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, आहेत. सेक्टर, बाइट, केबी हे नेहमीचे दशमान आकडे.

बायोस तुमच्या हाती मेमरी देतो तेव्हा ती मोकळी नसते. ० ते ३एफएफ इंटरप्ट व्हेक्टर टेबल, म्हणजे कुठला इंटरप्ट आला की कुठे उडी मारायची याची यादी. ४०० ते ४एफएफ बायोसची स्वतःची माहिती. ५०० पासून ७बीएफएफपर्यंत मोकळी जागा, साधारण ३० हजार बाइट. ७सी०० ते ७डीएफएफ तुमचा पहिला सेक्टर, शेवटी ५५ एए ही खूण. ७ई०० पासून पुढे पुन्हा मोकळं मैदान, पण ते कुठवर हे मशीनगणिक बदलतं, कारण ए०००० च्या अलीकडे बायोस आपल्यासाठी एक तुकडा राखून ठेवतो: विस्तारित बायोस डेटा एरिया, म्हणजे ईबीडीए. ए०००० पासून व्हिडिओ मेमरी, सी०००० पासून रॉम. १००००० ला पहिला मेगाबाइट संपतो.

या नकाशावर आपली प्रत्येक वस्तू मांडा: स्टॅक कुठून सुरू होतो आणि कुठवर खाली जाऊ शकतो, दुसरा टप्पा कुठे आणि केवढा, जीडीटी (प्रोटेक्टेड मोडमधल्या सेगमेंटची माहिती ठेवणारं टेबल) कुठे, डिस्कचा बफर कुठे, मेमरी मॅपचा बफर कुठे, कर्नल आधी कुठे उतरतो आणि नंतर कुठे जातो. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट, दोन्ही. सुरुवात सगळ्यांना माहीत असते. शेवट कुणी लिहीत नाही, आणि बहुतेक बग तिथेच असतात. डोक्यात आहे सगळं, असं म्हणून हे टाळू नका. कागदावर मांडताना दोन चौकोन एकमेकांवर चढलेले अनेकदा तिथल्या तिथे दिसतात.

रजिस्टरबद्दलही (सीपीयूच्या आतल्या छोट्या जागा) एक गोष्ट इथेच. बायोस डीएलमध्ये बूट ड्राइव्हचा क्रमांक देतो, त्यापलीकडे कशाचीच खात्री देत नाही. डीएस, ईएस, एसएस, एसपी यांत काय असेल ते बायोसवर अवलंबून. काही बायोस शून्य सेगमेंट आणि ७सी०० ऑफसेट घेऊन उडी मारतात, काही ७सी० सेगमेंट आणि शून्य ऑफसेट. खरा पत्ता तोच, कारण तो सेगमेंट गुणिले सोळा अधिक ऑफसेट असा निघतो. तेव्हा पहिल्याच काही सूचनांत ‘फार’ जंप (सेगमेंटसकट उडी) करून सीएस ठरवून घ्या, सेगमेंट रजिस्टर शून्य करा, स्टॅक स्वतः लावा. एसएसनंतर लगेच एसपी, मध्ये दुसरं काही नाही.

१२९वा सेक्टर

आता सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, जवळून. कर्नल आधी १००० सेगमेंटला, शून्य ऑफसेटला उतरवायचा, म्हणजे खरा पत्ता १००००. लूप सोपा: इंटरप्ट १३ ने (बायोसची डिस्कसेवा) एक सेक्टर ईएस:बीएक्स या पत्त्यावर वाचायचा, बीएक्समध्ये ५१२ मिळवायचे, पुढचा सेक्टर.

बीएक्स सोळा बिटांचं. १२८वा सेक्टर एफई०० ऑफसेटला उतरतो. त्यात ५१२ मिळवले की बेरीज १०००० होते, बीएक्समध्ये मावते ती फक्त ००००. कॅरी फ्लॅग वर होतो, त्याकडे लूप बघत नाही. १२९वा सेक्टर थेट पहिल्या सेक्टरच्या डोक्यावर जाऊन बसतो. डिस्क वाचन यशस्वी, कुठेही एरर नाही, आणि कर्नलचा एंट्री पॉइंट गेलेला.

म्हणजे कर्नल ६५,५३६ बाइटच्या आत असेपर्यंत सगळं ठीक, एक बाइट वर गेला की संपलं. प्रिंट टाकला की त्याची स्ट्रिंग आणि कॉल मिळून कर्नल थोडा फुगतो; सीमेच्या अगदी अलीकडे असाल तर तेवढं पुरतं. प्रिंट काढला की कर्नल पुन्हा आत येतो. हे कळेपर्यंत मशीनवर भुताटकी आहे असंच वाटत राहतं.

ओळखायचं कसं? प्रोटेक्टेड मोडमध्ये जाण्याआधी थांबा आणि १०००० पासूनचे बाइट बघा. क्यूईएमयू या एमुलेटरच्या मॉनिटरमध्ये ‘एक्सपी’ ही आज्ञा खऱ्या पत्त्यावरची मेमरी दाखवते. कर्नल फाइलचे पहिले सोळा बाइट शेजारी हेक्सडंपने काढा. दोन्ही सारखे नसतील तर प्रश्न अर्धा सुटला. अशा वेळी मेमरीत ७२ ६५ ६१ ६४ असं काही दिसलं, तर ती इंग्रजी अक्षरं आहेत: आर, ई, ए, डी. कर्नलच्या शेवटाकडे असलेला स्ट्रिंगांचा भाग सुरुवातीला येऊन बसलाय.

डिसअसेंब्लीतही हे ओळखता येतं, आणि ही नजर एकदा बसली की आयुष्यभर कामी येते. लहान पी ते झेड या अक्षरांचे कोड ७० ते ७ए, आणि एक्स८६ मध्ये हे सगळे कंडिशनल जंप. डी आणि ई म्हणजे एफएस आणि जीएसचे प्रीफिक्स, ए म्हणजे पॉपा, एल ते ओ म्हणजे पोर्टवरून स्ट्रिंग वाचण्या-लिहिण्याच्या सूचना. तेव्हा कोडच्या जागी कारण नसताना जंपांची रांग, मध्येच पॉपा आणि इनपुट-आउटपुटच्या सूचना दिसल्या, तर सीपीयू कोड चालवत नाहीये, कुणाचा तरी संदेश चालवतोय. आणि सगळीकडे ‘अ‍ॅड, बीएक्स अधिक एसआयच्या पत्त्यावर एएल’ हीच सूचना दिसली तर ती नुसती शून्यं आहेत. म्हणजे तिथे काही लोडच झालेलं नाही.

शेवटच्या प्रकाराचं नेहमीचं कारण: पहिला टप्पा दुसऱ्या टप्प्याचे ठरावीक सेक्टर वाचतो, आकडा कधीतरी हाताने लिहिलेला, आणि दुसरा टप्पा त्यानंतर वाढलेला. शेपूट डिस्कवरच राहतं. हा आकडा बिल्ड स्क्रिप्टने फाइलच्या आकारावरून काढून द्यावा, हाताने लिहूच नये.

याच लूपचा एक जास्त वाईट भाऊ आहे. काही जण कर्नल किंवा मोठा दुसरा टप्पा शून्य सेगमेंटमध्येच ८००० पासून उतरवतात. तिथून एफएफएफएफपर्यंत ३२ केबी, म्हणजे ६४ सेक्टर. ६५वा सेक्टर ०००० ला जातो: व्हेक्टर टेबलवर. एका सेक्टरमध्ये टेबलचा अर्धा भाग, १२८ व्हेक्टर, उडतात. त्यात टायमरचा आठ क्रमांकाचा, पडद्याचा १० आणि डिस्कचा १३ हेही आले. पुढचं डिस्क वाचन भलत्याच ठिकाणी उडी मारतं. त्याआधी टायमरची टिक आली, आणि ती सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येते, तर मरण्याची जागा दर वेळी वेगळी. ‘कधी इथे अडकतं, कधी तिथे’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी पत्ता शून्यपासूनचे बाइट बघावेत. धड असलेल्या टेबलमध्ये बरेचसे व्हेक्टर एफ००० किंवा सी००० च्या आसपासच्या सेगमेंटचे, रॉमकडे बोट दाखवणारे दिसतात.

दोन्हीवर इलाज एकच. बीएक्स शून्यच ठेवा आणि प्रत्येक सेक्टरनंतर ईएसमध्ये ३२ मिळवा (३२ गुणिले १६ म्हणजे ५१२). इंजिनिअरिंगला ८०८६ शिकताना सेगमेंट गुणिले सोळा अधिक ऑफसेट हे सूत्र घोकलेलं असतंच. ते वापरायची हीच जागा. यात फुकटचा फायदा असा की सुरुवातीचा पत्ता ५१२ ने भागला जाणारा असेल तर कुठलंही एक वाचन ६४ केबीच्या सीमेवर आडवं पडत नाही. जुन्या फ्लॉपी वाचनाला ती सीमा ओलांडणं चालत नाही, तिथे एरर कोड ९ मिळतो.

डिस्क वाचनाचा एलबीएवाला (सेक्टरला नुसता क्रमांक देणारा) विस्तारित प्रकार, म्हणजे एएचमध्ये हेक्स ४२, वापरत असाल तर दोन बारकावे. काही बायोस एका वेळी १२७ पेक्षा जास्त सेक्टर देत नाहीत. आणि वाचन अर्धवट फसलं तर पॅकेटमधल्या (बायोसला दिलेली वाचनाची मागणी) सेक्टरांच्या संख्येवर बायोस प्रत्यक्ष वाचलेली संख्या लिहून ठेवतो. तेच पॅकेट जसंच्या तसं घेऊन पुन्हा प्रयत्न केला तर दुसऱ्या वेळी कमी सेक्टर येतात, तेही ‘यशस्वी’ म्हणून. प्रत्येक प्रयत्नाआधी पॅकेट नव्याने भरा.

लिहिणाऱ्याला पकडणं

नकाशाने संशयित मिळतात, पुरावा डिबगर देतो. क्यूईएमयू चालवताना लहान आणि मोठा असे दोन्ही ‘एस’ पर्याय द्या. लहान एस जीडीबी या डिबगरसाठी १२३४ पोर्ट उघडतो, मोठा एस सीपीयूला पहिल्या सूचनेआधीच थांबवून ठेवतो. जीडीबी जोडल्यावर आर्किटेक्चर आय८०८६ करा, नाहीतर सोळा बिटांचा कोड बत्तीस बिटांचा समजून तो काहीच्या बाही डिसअसेंब्ली दाखवेल. ७सी०० ला ब्रेकपॉइंट टाका, तिथवर या, आणि मग ज्या पत्त्यावर घाव पडतो त्यावर वॉचपॉइंट लावा, म्हणजे तिथे कुणी लिहिलं की डिबगर थांबेल. सुरुवातीलाच लावला तर बायोसच्या स्वतःच्या लिखाणावर शंभरदा थांबावं लागतं.

वॉचपॉइंट वाजला आणि सीएस:आयपी तुमच्या कोडमध्ये असेल तर काम झालं. बायोसच्या आत असेल तर स्टॅकवरून मागे जा, कुठल्या इंटरप्टसाठी आत गेला होता ते बघा. पण वॉचपॉइंट वाजलाच नाही आणि तरीही बाइट बदलले, तर घाबरू नका. तो सगळ्यात मोठा सुगावा आहे. डीएमएने, म्हणजे सीपीयूला वगळून थेट मेमरीत, आलेला डेटा सीपीयू लिहीत नाही, त्यामुळे वॉचपॉइंटला तो दिसतच नाही. म्हणजे लिहिणारी डिस्क आहे, आणि चूक तुम्ही दिलेल्या पत्त्यात आहे. अशा वेळी डिस्कच्या प्रत्येक वाचनानंतरच्या सूचनेवर ब्रेकपॉइंट टाकून ईएस, बीएक्स आणि घाव पडणाऱ्या पत्त्यावरचा पहिला शब्द, एवढंच छापत जा. कितव्या सेक्टरला शब्द बदलला ते दिसलं की बाकीचं गणित वर दिलंच आहे.

ट्रिपल फॉल्ट होऊन (अपवाद हाताळतानाही पुन्हा पुन्हा अपवाद येऊन) रीसेट होत असेल तर क्यूईएमयूला रीबूट करू नको असं सांगा आणि इंटरप्ट व सीपीयू रीसेटचा लॉग चालू करा (केव्हीएम, म्हणजे खऱ्या सीपीयूवर थेट चालवण्याची सोय, बंद ठेवून). लॉगमध्ये अपवादांची साखळी दिसते. आयडीटी (प्रोटेक्टेड मोडमधलं इंटरप्टचं टेबल) अजून लावलेली नसताना चुकीची सूचना चालली तर बहुतेक वेळा आधी ६ (चुकीची सूचना), मग डी (जनरल प्रोटेक्शन), मग ८ (डबल फॉल्ट) आणि शेवट. लोक शेवटची नोंद वाचतात. अर्थ पहिल्या नोंदीत असतो. तिथला ईआयपी आणि ईएसपी घ्या.

बॉक्स हे एमुलेटर क्यूईएमयूपेक्षा बरंच संथ आहे, तरी या कामाला मला तेच जास्त आवडतं. त्याच्या डिबगरमध्ये खऱ्या पत्त्यावर लिहिण्याची पहारेदारी एका आज्ञेत लागते, आणि कोडमध्ये बीएक्सची बीएक्सशीच अदलाबदल करणारी सूचना टाकली तर तिथे आपोआप थांबता येतं. खऱ्या सीपीयूवर त्या सूचनेने काहीच होत नाही, त्यामुळे ती कोडमध्ये तशीच राहिली तरी बिघडत नाही.

डिबगर न चालणाऱ्या खऱ्या मशीनवर चेकसम हा उत्तम सोबती. बिल्डच्या वेळी कर्नलच्या सगळ्या शब्दांची बेरीज काढून हेडरमध्ये ठेवा. बूटलोडरने ती डिस्कवरून वाचून झाल्यावर एकदा, १००००० ला कॉपी झाल्यावर एकदा आणि उडी मारण्याआधी एकदा पडताळावी. तीनपैकी कुठली पहिली चुकते त्यावरून घाव वाचताना पडला, कॉपी करताना पडला की नंतर, हे लगेच वेगळं होतं. निकाल पडद्यावर नेण्याऐवजी सीरियल पोर्टवर सोडा. ३एफ८ पोर्टवर एकेक बाइट टाकायला ना बायोस लागतो, ना व्हेक्टर टेबल. मोड कुठलाही असला तरी चालतो.

क्यूईएमयूत चालतं, मशीनवर नाही

ही वेगळी जात आहे आणि हिची कारणंही वेगळी. क्यूईएमयू तीन बाबतींत फार प्रेमळ आहे.

पहिली बाब, त्याची रॅम सुरुवातीला शून्य असते. दुसरा टप्पा सीमध्ये लिहिला असेल आणि ऑब्जकॉपीने नुसती बायनरी काढली असेल, तर बीएसएस त्या फाइलमध्ये नसतोच. सुरुवातीची किंमत शून्य असलेले सगळे ग्लोबल व्हेरिएबल त्यातच असतात. ऑपरेटिंग सिस्टीमवर तो भाग लोडर शून्य करतो. इथे लोडर तुम्हीच आहात. क्यूईएमयूत जागा आपोआप शून्य, म्हणून चालतं. खऱ्या मशीनवर तिथे बायोसने मघाशी वापरून टाकलेलं काहीही असतं, आणि तेही गार मशीन चालू केल्यावर वेगळं, नुसतं रीस्टार्ट केल्यावर वेगळं. ‘सकाळी चालू होत नाही, दोनदा रीसेट केलं की होतं’ असं कुणी सांगितलं की मी आधी बीएसएस बघतो. सीच्या पहिल्या फंक्शनआधी लिंकर स्क्रिप्टमधल्या सुरुवात आणि शेवटच्या खुणांमधली जागा शून्य करणाऱ्या चार सूचना हव्यात, बस.

ही चूक मुद्दाम क्यूईएमयूतच पकडायची असेल तर उलटं करा. पहिल्या टप्प्याने दुसरा टप्पा वाचण्याआधी ७ई०० पासून ७एफएफएफएफपर्यंतची सगळी मेमरी सीसी या बाइटने भरून टाकावी. न लिहिलेली जागा वाचली तर विचित्र आकडा हाती येतो, आणि त्या जागेवर चुकून उडी मारली तर सीसी म्हणजे ब्रेकपॉइंटची सूचना, इंटरप्ट ३. त्याला एक छोटा हँडलर लावून सीएस:आयपी सीरियलवर छापला की उडी कुठे पडली ते आयतं कळतं. स्टॅकच्या भागात वेगळा बाइट भरा, ए५ म्हणा. नंतर किती ए५ शिल्लक आहेत त्यावरून स्टॅक किती खोल गेला ते समजतं. स्टॅक ७सी०० पासून खाली वाढत असेल आणि फाइल सिस्टीम वाचणाऱ्या रिकर्सिव्ह फंक्शनने प्रत्येक पातळीवर मोठा बफर स्टॅकवर घेतला असेल, तर ५०० पर्यंत पोचायला वेळ लागत नाही. बायोसचे कॉलही तुमच्याच स्टॅकवर चालतात, हे हिशोबात धरा.

दुसरी बाब जास्त फसवी. केव्हीएमशिवाय चालणारा क्यूईएमयू सेगमेंटची मर्यादा तपासत नाही. त्यामुळे अनरीअल मोड (रिअल मोडमध्येच सेगमेंटची मर्यादा वाढवण्याची युक्ती) नीट लावला नसला तरी सुरुवातीच्या सोळा बिटांच्या रिअल मोडमधून १००००० ला केलेली कॉपी तिथे बिनबोभाट होते. खरा सीपीयू ६४ केबीच्या पलीकडे पाऊल टाकलं की जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतो. अनरीअल मोड एकदा लावला तरी बायोसचा डिस्क कॉल आतल्या आत मोड बदलून तुमची वाढवलेली मर्यादा घालवू शकतो. प्रत्येक वाचनानंतर ती पुन्हा लावणं सुरक्षित. याच कुळातला दुसरा प्रकार: जीसीसीने सोळा बिटांसाठी काढलेला कोड ईएसपी वापरतो, आणि तुम्ही फक्त एसपी भरलेला असतो. वरचे सोळा बिट बायोसने जे ठेवले ते. क्यूईएमयूत हे बिट योगायोगाने शून्य निघाले तर चालून जातं, लॅपटॉपवर पहिल्याच फंक्शन कॉलला मरतं. पूर्ण ईएसपी भरा. बॉक्स मर्यादा तपासतो, म्हणून प्रत्येक बिल्ड एकदा त्याच्यावरही फिरवून घ्यावा.

तिसरी बाब, तिथला मेमरी नकाशा छोटा आणि नेटका असतो. इंटरप्ट १५, ई८२० ने मेमरी मॅप घेताना क्यूईएमयू मोजक्या नोंदी देतो. कुणी आठ नोंदींचा, २४ बाइटच्या हिशोबाने १९२ बाइटचा बफर ठेवतो, लूप मात्र ईबीएक्स शून्य होईपर्यंत डीआय पुढे ढकलत राहतो. खऱ्या मशीनवर नोंदी कितीतरी जास्त असतात, आणि नववी नोंद बफरनंतर जे असेल त्यावर पडते. लूपला कमाल संख्या हवीच. नोंदी क्रमाने नसतात, कधी एकमेकांवर चढलेल्याही असतात, हे कर्नलसाठी लक्षात ठेवा.

ईबीडीएचंही तसंच. क्यूईएमयूत तो ९एफसी०० ला सुरू होतो आणि इंटरप्ट १२ विचारलं की ६३९ केबी सांगतो. यूएसबी कीबोर्ड वगैरे सांभाळणाऱ्या बायोसवर तो आणखी खाली येतो. ९एफएफएफएफ ला स्टॅक लावणारा कोड बायोसच्या जागेत स्टॅक ठेवतो, आणि मग कुठल्या तरी परतीच्या पत्त्यावर बायोस काहीतरी लिहून जातो. ४०ई वरचा शब्द गुणिले १६ केला की ईबीडीएची सुरुवात मिळते. त्याच्या वर काही ठेवू नका.

ए२० बंद असताना छोटा कर्नल चालतो

ए२० लाइनबद्दल सगळ्यांना माहिती असते, पण ती बंद राहिली तर नेमकं काय होतं हे कमी जणांनी पाहिलेलं असतं. ८०८६ ला वीसच अ‍ॅड्रेस लाइन होत्या, पत्ता एक मेगाबाइटच्या पुढे गेला की गुंडाळून शून्यावर यायचा, आणि काही प्रोग्रॅम त्यावर विसंबून होते. ८०२८६ ला लाइन २४ झाल्या. १९८४ च्या पीसी एटीमध्ये आयबीएमने ते जुने प्रोग्रॅम सांभाळायला एकविसावी लाइन (मोजणी शून्यापासून, म्हणून ए२०) कीबोर्ड कंट्रोलरच्या एका पिनवरून बंद करता येईल अशी सोय केली.

ती बंद असताना १००००० ला लिहिलेलं पत्ता शून्यावर पडतं. गंमत अशी की वाचतानाही १००००० म्हणजे शून्यच, त्यामुळे छोटा कर्नल तिथून निवांत चालतो! व्हेक्टर टेबल मातीत गेलेलं असतं, पण प्रोटेक्टेड मोडमध्ये इंटरप्ट बंद असल्याने कुणाला कळत नाही. कर्नल ३१ केबीच्या आसपास पोचला की कॉपी ७सी०० खालच्या स्टॅकवर येते, आणि ३२,२५६ बाइट ओलांडले की ७ई०० वर, जिथे कॉपी करणारा लूप स्वतःच बसलेला आहे. लूप स्वतःवरच लिहितो. म्हणजे ‘कर्नल ३१-३२ केबीच्या पुढे गेला की मरतो’ ही जवळजवळ ए२० ची सहीच, जशी ६४ केबी ही बीएक्सची.

क्यूईएमयूत ए२० आधीपासून चालू असते, त्यामुळे तिथे हे दिसणार नाही. तपासणी: ७डीएफई वरचा शब्द आणि एफएफएफएफ:७ई०ई वरचा शब्द, म्हणजे १०७डीएफई, यांची तुलना करा. वेगळे असतील तर चालू. सारखे असतील तर एक बदलून दुसरा बदलतो का बघा, कारण योगायोगही असू शकतो. चालू करताना आधी बायोसचा कॉल, मग कीबोर्ड कंट्रोलर, शेवटी ९२ पोर्ट, आणि प्रत्येकानंतर पुन्हा तपासणी. ९२ पोर्टवर शून्यावा बिट चुकून १ गेला तर मशीन रीसेट होतं, म्हणून आधी वाचा, तो बिट पुसा, मगच लिहा.

जीडीटी: उशिरा फुटणारा

जीडीटीवर कुणी लिहिलं तर त्या क्षणी काहीही होत नाही. सीपीयूने सेगमेंटची माहिती आत घेऊन ठेवलेली असते, टेबल तो पुन्हा बघतो ते पुढच्या वेळी सेगमेंट भरताना. कर्नल सुरळीत चालतो, पडद्यावर लिहितो, आयडीटी लावतो, इंटरप्ट चालू करतो आणि पहिल्या टिकला कोसळतो. मग दोष आयडीटीच्या माथी मारला जातो. बूटलोडरचा जीडीटी खालच्या मेमरीत असतो आणि कर्नलचा अ‍ॅलोकेटर ती जागा मोकळी समजून वाटून टाकतो, हे नेहमीचं कारण. कर्नलने पहिल्या काही ओळींतच स्वतःचा जीडीटी लावावा.

पेन ड्राइव्हवरून बूट करतानाच बिघडत असेल तर

हा प्रकार वेगळा काढावा लागतो, कारण यात तुमच्या कोडमध्ये खरंच काही चूक नसते. तोच बिल्ड हार्ड डिस्कवरून चालतो, पेन ड्राइव्हवरून काही मशीनवर चालत नाही. ७सी०० पासूनचे बाइट आणि डिस्कवरचा पहिला सेक्टर यांची तुलना केली तर सुरुवातीच्या काही बाइटांत फरक दिसतो. काही बायोस पेन ड्राइव्हला फ्लॉपी किंवा डिस्क म्हणून दाखवताना पहिल्या सेक्टरमध्ये फॅट या फाइल सिस्टीमचा पॅरामीटर ब्लॉक असणारच असं गृहीत धरतात आणि मेमरीत आणलेल्या सेक्टरमध्ये त्या जागी स्वतःचे आकडे भरतात. तुमच्याकडे ब्लॉक नसेल तर ते आकडे कोडमध्ये पडतात.

सेक्टरची सुरुवात एका शॉर्ट जंपने आणि एका नॉपने करा, हे तीन बाइट झाले. त्यापुढे ९० व्या बाइटपर्यंत शून्यं ठेवा. फॅट३२ चा ब्लॉकही तेवढ्यात मावतो. खरा कोड तिथून सुरू. ५१२ पैकी नव्वद बाइट गेले म्हणून जीव तुटतो खरा, पण पहिल्या टप्प्याचं काम दुसऱ्याला आणण्यापुरतंच ठेवलं तर उरलेली जागा पुरून उरते. नाझम या असेंब्लरमधल्या नेहमीच्या ५१० पर्यंत भरणाऱ्या ओळीने आकार ओलांडला की बिल्डच थांबतं. दुसऱ्या टप्प्यालाही लिंकर स्क्रिप्टमध्ये असर्ट टाकून १०००० ही अशीच वेस घालता येते.